एकशे एक पॉइंट सहा

बंगळुरात उन्हाळा असतो हे शेषगिरीरावांना मुळात मान्यच नव्हतं. ते विजापूरकडचे. तिकडे मे महिन्यात पारा एकशे दहा फॅरनहाइटच्या वर जायचा आणि तरी त्यांच्या आईने कधी 'उकडतंय' असा शब्द काढला नाही, असं ते सांगायचे. इथले लोक मात्र नव्वद झालं की ताक मागतात आणि ब्याण्णव झालं की ओला पंचा डोक्यावर घेतात. "लोण्याची माणसं नुसती!" ते नाक मुरडून म्हणायचे. बायको कौशल्या बंगळुरातल्याच चिकपेटेत जन्मलेली, म्हणजे तीही लोण्याचीच. ती बिचारी पदराने वारा घेत म्हणायची, "आज फार होतंय हो." की हे लगेच, "ब्याण्णव पॉइंट चार!" झालं, तिचा घाम खोटा ठरला.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. शहराबाहेर बनशंकरीच्या वाटेवर प्रतापरावांचा बियाण्यांचा मळा होता, तिथे शेषगिरीराव कारकून होते. हवामानाची नोंदही त्यांच्याचकडे. मळ्यात चार पायांवर एक झडपांची पांढरी पेटी उभी होती, तिच्यात थर्मामीटर. दिवसभरात पारा जिथवर चढेल तिथेच अडकून राहायचा. संध्याकाळी पाचला तो आकडा वहीत लिहायचा आणि थर्मामीटर झटकून पारा खाली आणायचा, एवढंच काम. पण काय तो तोरा! अकरा वर्षांत वहीत एक खाडाखोड नाही, हे त्यांनी लग्नाच्या पंगतीत सांगितलं, बारशाला सांगितलं, एकदा तर तेराव्यालाही सांगितलं.

पेटी पुसण्याचं काम माळी परसूचं. पन्नाशीचा गडी, चौदा वर्षं मळ्यात. विहिरीमागच्या खोलीत तो आणि ठकुबाई राहायचे. नोकरी होती म्हणून खोली होती.

त्या एप्रिलात एक दिवस असा उगवला की दुपारी कावळेसुद्धा ओरडेनात. भेंडीची रोपं मान टाकून पडली. परसू दोनदा सांगत आला, "राव, आज ऊन स्वल्प, जरा जास्तच आहे हो."

"तुला रोजच जास्त असतं. जा, पाणी सोड."

पाचला त्यांनी पेटीचं दार उघडलं. पारा एकशे एक पॉइंट सहावर होता. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. तेवढाच! आदल्या दिवशी सत्त्याण्णव, आणि आज हे? बंगळुरात? छे! थर्मामीटर तर चांगला, तपासून आणलेला. मग चूक कुणाची? चूक करायला माणूस तयारच होता.

"परसू! दुपारी पेटी पुसलीस आणि दार उघडं टाकलंस. गरम वारं आत शिरलं."

"नाही राव. मी सकाळीच पुसतो. दुपारी हातसुद्धा लावला नाही."

"मग पारा काय हवा खायला वर गेला?"

परसू देवाची शपथ घ्यायला लागला. शेषगिरीरावांनी थर्मामीटर झटकला, पारा खाली गेला, पुरावाही गेला. वहीत त्यांनी आपल्या सुंदर अक्षरात अठ्ठ्याण्णव लिहिलं. कुठून आलं हे अठ्ठ्याण्णव? डोक्यातून! सत्त्याण्णवच्या पुढचा आकडा, बस्स. शेरा लिहिला, 'नोकराने पेटी उघडी ठेवल्याने वाचन अंदाजे.' वर स्वतःच्या प्रामाणिकपणावर खूष होऊन घरी गेले.

प्रतापराव महिनाअखेरीस वही बघत. त्यांना शेरा दिसला आणि त्यांनी परसूला काढून टाकलं. ठकुबाईने भांडी पोत्यात भरली. शेषगिरीराव खिडकीतून बघत होते. शिस्त लागायलाच हवी होती, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या दोन मळ्यांची नोंदपत्रं आली. त्या तापलेल्या दिवशी एकाकडे एकशे एक पॉइंट दोन, दुसऱ्याकडे एकशे एक पॉइंट आठ. प्रतापरावांनी ती दोन्ही आणि आपली वही टेबलावर मांडली.

"शेषगिरी, आपला मळा काय उटीत आहे?"

शेषगिरीरावांना शेवटी खरं काय ते सांगावं लागलं. प्रतापरावांनी शिवी दिली नाही, दिली असती तर बरं झालं असतं. ते इतकंच म्हणाले, "पारा तुम्ही झटकून टाकला, आता नुसत्या तुमच्या शब्दावर कुठलाच आकडा धरता येणार नाही. एवढी वर्षं नोंद ठेवली, आणि मळ्याने पाहिलेला सगळ्यांत तापलेला दिवस तेवढा कोरा. त्या माणसाला परत आणा."

प्रतापरावांनी अठ्ठ्याण्णववर आडवी रेघ मारली, शेजारी सही केली. अकरा वर्षांतली पहिली खाडाखोड.

परसू चिकपेटेत सापडला. कापडाचे गठ्ठे हातगाडीवर चढवत होता, पाठ घामाने काळीभोर. शेषगिरीराव घसा साफ करून म्हणाले, "परसू, तुझी चूक नव्हती असं दिसतंय. साहेबांनी बोलावलंय. खोलीही देतायत."

परसूने गठ्ठा खाली ठेवला. पूर्वी तो नजर वर करत नसे. आज त्याने शेषगिरीरावांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, नासकं बियाणं निवडताना न्याहाळावं तसं.

"राव, एक विचारू? मी अडाणी. मला पारा वाचता येत नाही, सरी, कबूल. पण त्या दिवशी तुम्हीही तिथेच उभे होता ना, उन्हात? तुमच्या अंगाला काहीच कळलं नाही?"

बाजार ओरडत होता. कुणीतरी "बाजूला व्हा" म्हणून शेषगिरीरावांना ढकललंही. त्या दिवशी त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता, पेटीपर्यंत जाताना एकदा डोळ्यांपुढे अंधारीही आली होती.

"कळलं होतं," ते म्हणाले.

"मग जा," परसू म्हणाला आणि गाडीला खांदा लावला.