भरपगारी रजा

उभ्या ओमानमध्ये आमच्या साडूंइतका खडूस मालक मी पाहिला नाही, आणि त्यांच्याइतका मुकाट्याने सोसणारा कामगारही पाहिला नाही. दोघं एकाच शर्टात राहतात, हीच काय ती अडचण. रुसैलला त्यांचा एसी-फ्रीज दुरुस्तीचा गाळा आहे. मालक तेच, मेकॅनिक तेच, झाडू मारणारेही तेच. गाळ्यात एक फिरती खुर्ची आहे, ती मालकाची. प्लास्टिकचं स्टूल कामगाराचं. डबा ते स्टुलावर बसूनच खातात. "मालकाच्या खुर्चीत बसून कोणी जेवतं का?" असं वर मलाच विचारतात.

या खुळाला कारण मीच. मी शेजारच्या कारखान्यात हिशेब बघतो, पगारी माणूस. एकदा शहाणपणा करून सांगितलं, की आपल्याकडे नोकरदाराच्या म्हातारपणासाठी थोडं त्याच्या पगारातून कापतात, थोडं मालक घालतो; स्वतःचा धंदा असला की दोन्ही वाटे आपणच उचलायचे. झालं! दुसऱ्या दिवसापासून साडू दोन माणसं झाले. एक तारखेला खुर्चीत बसून स्वतःला पगार देतात, त्यातून कामगाराचा वाटा कापतात, आणि मालकाचा वाटा घालताना कामगाराने दरोडा घातल्यासारखं तोंड करतात. इथे प्राप्तिकर येणार असं कानावर आल्यावर तोही कापायला लागले. मी घसा कोरडा करून सांगितलं, की अहो, तो गडगंज कमाईवाल्यांसाठी आहे, तुमच्या वाटेलाही जाणार नाही. "सवय असलेली बरी," म्हणाले. हसू येतं खरं, पण एकदा ते हळूच बोलून गेले, "तुम्हाला निघताना कंपनी काहीतरी हातावर ठेवील. मला कोण ठेवणार? अर्बाब, म्हणजे मालक, तर मीच."

रजेचंही तेच. स्टुलावर बसून अर्ज लिहायचा, उठून खुर्चीत बसायचं, चष्मा लावून वाचायचा आणि बहुतेक वेळा नाकारायचा. अंगात ताप असताना एकदा शेरा मारला होता: 'काम बसून करावे.'

गेल्या उन्हाळ्यात मात्र माझं डोकं फिरलं. पेणहून फोन आला, की त्यांच्या वडिलांचं, नानांचं, हृदयाचं ऑपरेशन शुक्रवारी सकाळी ठरलंय आणि डॉक्टर नीट काही बोलत नाहीत. बुधवारी दुपारी मेहुणीचा रडत फोन. "भाऊजी, हे जात नाहीयेत हो. रजा संपलीय म्हणतात. संध्याकाळच्या विमानात दोनच जागा उरल्यात." मी होतो तसा गाळ्यात गेलो. टेबलावर अर्ज पडला होता. कारण: वडिलांना भेटणे. खाली लाल शाईत: नामंजूर. साडू स्टुलावर बसून एक कॉम्प्रेसर पुसत होते. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.

"दुक्मच्या कॅम्पातलं कोल्ड स्टोरेज बंद पडलंय," ते मान वर न करता म्हणाले. "हे काम हातचं गेलं तर दोन्ही वाटे कुठून भरू?"

"आणि नाना गेले तर?"

ते पुसतच राहिले. मी सरळ जाऊन मालकाच्या खुर्चीत बसलो. ते दचकून उभे राहिले. मी 'नामंजूर' खोडलं, 'मंजूर' लिहिलं, सही ठोकली, आणि दुक्मला फोन लावून सांगितलं, आमचा माणूस रजेवर चाललाय, दुसरा पाठवतो.

"बिनपगारी ना?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"भरपगारी. यल्ला, निघा."

ते पोहोचले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बापलेक हातात हात घेऊन बसले. आपला मुलगा नेमका कोणाकडे नोकरीला आहे, हे नानांना कधीच नीट कळलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "मालकाने रजा दिली का रे?"

"दिली. भरपगारी."

"भला माणूस दिसतोय. माझा नमस्कार सांग त्याला."

ऑपरेशन पार पडलं, पण नानांनी पुढे आठवडाच काढला.

परत आल्यावर साडूंनी मला गाळ्यात बोलावलं, त्या खुर्चीत बसवलं आणि समोर उभं राहून हात जोडले. "नानांचा आहे," म्हणाले. मी चेष्टा करायची म्हणून तोंड उघडलं, पण उठून हात जोडून तो घेतला. तेव्हापासून त्यांचे रजेचे अर्ज माझ्याकडे येतात. काल नानांच्या वर्षश्राद्धासाठी चार दिवसांचा आला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पगार कापला तरी चालेल.' मी सहा दिवस मंजूर केलेत. भरपगारी.