घारापुरीच्या लग्नातला मामा

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लिहायला बसलो आहे हे माझं मलाच धाडसाचं वाटतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. लिहिणं म्हणजे सही आणि वाचणं म्हणजे खताच्या पिशवीवरची अक्षरं, एवढाच आमचा कागदाशी संबंध. त्यातून घारापुरीवर जाणत्या माणसांनी मोठमोठी पुस्तकं लिहिली आहेत. त्या बेटाबद्दल माझ्याजवळ नवं काही नाही. मी तिथे एकदाच गेलो, तोही एका दिवसापुरता, आणि गाइड म्हणून गेलो. गाइड म्हणून मी नापास झालो. तरीही ते सांगावंसं वाटतं, कारण त्या दिवशी माझ्या बहिणीच्या शिक्षणाचं काय होणार हे टांगणीला लागलेलं होतं, आणि बोलायची जबाबदारी माझ्यावर होती.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटची ही गोष्ट. मी जळगावच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो, विषय इतिहास. आमच्या सरांचा एक नियम होता. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एखादं जुनं ठिकाण स्वतः गाइड होऊन लोकांना दाखवायचं आणि काय झालं ते लिहून आणायचं. अट एकच : ते लोक पुस्तक वाचलेले नसावेत. सर म्हणायचे, "वाचलेल्याला सांगण्यात काय मोठेपणा? न वाचलेला माणूस प्रश्न विचारतो." बहुतेक मुलं जवळपासचा एखादा किल्ला किंवा देऊळ उरकून मोकळी व्हायची.

माझ्या बाबतीत योग जुळून आला. जळगावशेजारच्या आमच्या असोद्यातले केळीवाले शेतकरी मुंबईला शेतीचं प्रदर्शन पाहायला निघाले होते. दहा-बारा जण. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी त्यांना काही काम नव्हतं. मी आबांना, म्हणजे वडिलांना, भीत भीत विचारलं, "आबा, तो दिवस मला द्याल का? समुद्रातल्या बेटावर लेणी आहेत, ती दाखवीन सगळ्यांना." आबा ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते. म्हणाले, "दाखव. पन लई वेळ उभं करू नको लोकांले."

बाया दोनच होत्या. एक अक्का, म्हणजे आबांची मोठी बहीण, आणि तिच्या सोबतीला माझी धाकटी बहीण. ती बारावीला होती. परीक्षा तोंडावर आली असताना तिला मुंबईला नेण्याचं कारण अक्काची सोबत हे नव्हतं, ते सगळ्यांना माहीत होतं. कल्याणला एक स्थळ होतं, मुलगा कारखान्यात कायम झालेला. परतताना आबा, त्यासाठीच सोबत आलेला माझा मामा आणि बहीण कल्याणला उतरणार होते, मुलीला दाखवायला.

बहिणीला पुढे शिकायचं होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी ओट्यावर बसून वहीतून लेण्यांची माहिती मोठ्याने पाठ करत होतो आणि ती शेजारी बसून पुऱ्यांची कणीक मळत होती. गेले पंधरा दिवस हेच चाललं होतं. मधे कुठे अडलो की ती न पाहता पुढचं वाक्य सांगायची. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "भाऊ, तुले एवढं पाठ होतं, तर आबांसमोर दोन वाक्यं होतील की नाही?"

"होतील ना."

"कल्याणच्या आधी."

"कल्याणच्या आधी."

गाडीत मी बोललो नाही, कारण डबा भरलेला होता. प्रदर्शनात बोललो नाही, कारण आबा एका पंपासमोरून हलायलाच तयार नव्हते. गेटवेहून लाँच सुटली तेव्हा बहिणीने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी म्हणालो, "लेणी झाली की बोलतो."

समुद्र आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नव्हता. अक्काने लाँचच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून घेतले होते. मामा तिला सांगत होता, "अक्का, डोया उघड, बठ्ठं पैसं वाया चाललं." मामा पाचोऱ्याकडचा. त्याच्या बोलण्यात 'आहे'ला 'शे' आणि 'सगळा'ला 'बठ्ठा' यायचं, आणि आमची असोद्याची माणसं त्यावरून त्याला आयुष्यभर चिडवत आली. लाँच थोडी खाली झुकली तेव्हा आबांनी वाकून पाण्यात हात घातला, बोटं जिभेला लावली, आणि बराच वेळ पाण्याकडे पाहून म्हणाले, "एवढं पाणी, अन् एका केयीच्या कामाचं नाही."

बेटावर उतरल्यावर माझा गाइडपणा सुरू झाला. मी सगळ्यांच्या पुढे चालत होतो, हातात चाळीस पानी वही. पायऱ्या चढताना पहिली चूक झाली, ती माझीच. आमच्या गावाकडे कुठल्याही देवाला जाताना पहिल्या कापणीच्या केळीची एक फणी न्यायची रीत आहे. त्याप्रमाणे आबांनी घरची पिकलेली फणी पिशवीत आणली होती. ही लेणी म्हणजे पूजेतलं देऊळ नव्हे, आणि इथे माकडं आहेत, हे दोन्ही मला वहीत लिहिलेलं असूनही सांगायचं राहून गेलं. अर्ध्या पायऱ्यांवर एका माकडाने आबांच्या हातातून पिशवीच ओढून नेली आणि कठड्यावर बसून सोलून खायला लागलं. आबांनी ते पाहिलं. ओरडतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "सोलायची पद्धत बराबर आहे त्याची."

"दाजी, देवले पोचली समजा," मामा म्हणाला.

लेण्यात आत गेल्यावर गारवा लागला आणि सगळी माणसं आपोआप हळू बोलायला लागली. तीन तोंडांच्या त्या मोठ्या मूर्तीसमोर मी माझं पाठ केलेलं म्हणून दाखवलं. वाक्यं बरोबर आली. अक्काने चप्पल बाहेर काढून ठेवली होती. तिने हात जोडले, मग मूर्तींचे तुटलेले हात पाहून कुंकवाची डबी पुन्हा कमरेला खोचली आणि म्हणाली, "कोनं केलं रे हे? हात राहू देले अस्ते तर काय बिघडत होतं?" याचं उत्तर माझ्या वहीत होतं, पण मला ते देववलं नाही.

मग आम्ही शंकर-पार्वतीच्या लग्नाच्या शिल्पासमोर आलो. मी वाचायला लागलो. "हे कल्याणसुंदर. हा शंकर. ही पार्वती, लाजून मान खाली घातलेली. हा खाली बसलेला ब्रह्मदेव, तो पुरोहित आहे. आणि पार्वतीच्या मागे उभा आहे तो तिचा पिता हिमालय. तो तिला हलकेच पुढे आणत आहे."

"कोन उभा शे?" मामाने विचारलं.

"हिमालय. पार्वतीचे वडील."

"हट्! तो मामा शे."

मी म्हणालो, "मामा, पुस्तकात वडील लिहिले आहेत."

"पुस्तक लिहिनारानं लगन पाह्यलं नसीन. नवरीना मांगे बाप उभा राहस का कधी? मामाच राहस. बाप तथा पंगतमा फिरत राहस, वाढपीवर वरडत."

सगळे हसले, आणि हसता हसता सगळेच मामाच्या बाजूचे झाले. कुणी म्हणालं, पाह्य ना, कसा धरून उभा आहे, मामाच तो. कुणी म्हणालं, बाप असता तर इतका निवांत राह्यला असता का? अक्काने निकाल दिला, "मामाच आहे बापा. आपल्यात मामाशिवाय नवरी बोहल्यावर येतच नाही."

आता हे हसण्यावारी न्यायला हवं होतं. पण मी गाइड होतो, माझ्या हातात वही होती, आणि मी सगळ्यांत तरुण होतो. पुस्तकाला नाही म्हणावं तर सरांना काय सांगायचं? मामाला नाही म्हणावं तर तो माझ्या आईचा भाऊ, आणि माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर पालक म्हणून सही त्याचीच, कारण नाव घातलं त्या दिवशी आबा बागेत होते. मी पुढचं वाक्य शोधायला लागलो आणि ते सापडेना. पंधरा दिवस पाठ केलेलं सगळं गेलं. पानं उलटली, तीही दोन दोन. मागे दुसऱ्या लोकांना घेऊन आलेला खराखुरा गाइड बॅटरी हातात घेऊन आमची जागा रिकामी होण्याची वाट पाहत होता.

तेव्हा बहीण पुढे आली. वही तिने मागितली नाही. ती अक्काकडे पाहून बोलायला लागली, आमच्या घरच्याच बोलीत, जशी चुलीपुढे बोलायची तशी.

"अक्का, मामा आसो का बाप आसो. जो आहे तो तिच्या मांगे आहे. पुढे तीच आहे. अन् पाह्य, ती शंकराच्या उजव्या हाताले उभी आहे. म्हंजे लगन आजून लागलेलं नाही. लागल्यावर डाव्या हाताले जाते."

"मंग?" अक्का म्हणाली.

"मंग काय, ह्याच्या आधीचं दगडात नाही, पन गोष्टीत आहे. तिले शंकरच पाह्यजे होता, म्हनून तिनं तप करायचं ठरवलं. तिची आई नको म्हनत होती. लगनाची पोर जंगलात कशी जाईन म्हने. बापानं जाऊ देलं. तप पुरं झालं, मंग हा मांडव घातला. आधी नाही."

तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती आबांकडे अजिबात पाहत नव्हती. मी पाहिलं. आबा दोन पावलं पुढे आले होते. पार्वतीकडे नाही, तिच्या मागच्या त्या माणसाकडे पाहत होते. त्याचा चेहरा झिजलेला आहे, त्यावरून मामा की बाप हे कुणालाच सांगता यायचं नाही.

त्याच्यावरची नजर न काढता आबांनी विचारलं, "किती वर्सं केलं तप?"

"पुस्तकात नाही आबा," बहीण म्हणाली. "पन पुरं केलं."

"तीन वरीस," मामा एकदम म्हणाला. "बी.ए.ले तीनच लागतस."

सगळे इतके मोठ्याने हसले की त्या खऱ्या गाइडने बॅटरी हलवून आम्हाला गप्प केलं. आबा हसले नाहीत. रागावलेही नाहीत. "चला, लोकांले उभं करू नका," एवढंच म्हणाले.

परतीच्या लाँचवर बहीण माझ्याशेजारी बसली. "मी बोलणार होतो," मी म्हणालो. "माहीत आहे रे," ती म्हणाली, आणि पायऱ्या चढण्याआधीच फणीतून तोडून, पदराखाली लपवून माकडांपासून वाचवलेलं एक केळं काढून अर्धं मला दिलं. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे तिघं कल्याणला उतरली. मी बाकीच्यांबरोबर जळगावला आलो.

सरांसाठी लिहिताना मी दोन रात्री खोटं लिहून पाहिलं, की मी सगळं समजावून सांगितलं. ते जमेना. शेवटी जसं झालं तसं लिहिलं. सरांनी वाचून वही परत देताना एवढंच विचारलं, "ही मुलगी कोणत्या वर्गात आहे?"

"बारावीत, सर."

"पुढे?"

"माहीत नाही, सर."

"मग माहीत करून घ्या," सर म्हणाले.

त्या दिवशी मी एस.टी.ने घरी न जाता चालत गेलो, म्हणजे वाक्यं जुळवायला वेळ मिळेल. आबा बागेत होते. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सरांनी काय विचारलं ते सांगितलं. मग कुठे वाचलेलं नाही असं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं : "आबा, माझ्यापेक्षा तिला जास्त येतं." आबांनी एका वाळलेल्या पानावर विळा चालवला, ते बाजूला टाकलं आणि म्हणाले, "पाहू."

कल्याणहून होकार आला. आबा त्यांनाही पाहू म्हणाले. उन्हाळाभर आमच्या घरात तो एकच शब्द होता. आई वैतागायची, मामा येऊन जायचा, बहीण परीक्षा देऊन मोकळी झाली होती आणि घरातली भांडी गरजेपेक्षा जास्त घासत होती. जूनमध्ये मी एम.ए.साठी पुण्याला गेलो तोपर्यंत काही ठरलेलं नव्हतं. आमच्या घरी फोन नव्हता. वसतिगृहाच्या दाराशी पत्रांची फळी होती. मी येता जाता तिच्यावर नजर टाकायचो आणि दुसऱ्यांचीच पत्रं दिसायची.

जुलैच्या मध्यावर आंतरदेशीय पत्र आलं, बहिणीच्या अक्षरातलं. सुरुवातीला गायीला कालवड झाल्याचं होतं, मग वाऱ्याने किती केळी आडव्या पडल्या ते. खाली, जागा उरली नाही म्हणून बारीक अक्षरात, तिने लिहिलं होतं :

"भाऊ, कल्याणवाल्यांना आबांनी तीन वर्षं थांबा म्हणून कळवलं. ते थांबणार नाहीत म्हणाले. आज माझं नाव तुझ्याच कॉलेजात घातलं. रांग फार मोठी होती. आबा सकाळपासून माझ्या मागे उभे होते, जेवायलासुद्धा हलले नाहीत. खिडकीत आतल्या माणसाने विचारलं, पालक कोण आलंय? तर आबा मागूनच म्हणाले, मामा नाही, बाप आहे. त्या माणसाला काही समजलं नाही."