उकळत्या दुधात गूळ

निरुपमाकाकूंच्या नारळाच्या वड्या खाल्ल्या नाहीत असा माणूस बडोद्याच्या समा भागातल्या त्या सोसायटीत औषधालाही सापडला नसता. एकोणीस वर्षं गणपतीच्या शेवटच्या दिवसाचा प्रसाद त्यांच्याच घरून जायचा. खंडेराव मार्केटात जाऊन एकेक नारळ कानाशी हलवून घ्यायचा, साखरेचा पाक दोन बोटांत धरून तार बघायची, आणि विसर्जनाच्या सकाळी शुभ्र वड्यांची चार ताटं मांडवात नेऊन ठेवायची. साताऱ्याहून लग्न होऊन बडोद्याला आल्या तेव्हा त्यांना गुजराती अक्षर कळत नव्हतं. शेजारणींशी पहिली ओळख झाली ती वड्या वाटून. पुढे मुलं परदेशी गेली, नवरा हिंमतराव रिफायनरीतून निवृत्त झाले, आणि वर्षातून एकदा सगळी सोसायटी काकूंचं नाव घेई ते या ताटांमुळे. तेवढं एक त्यांचं होतं.

मग तीन वर्षांपूर्वी शहरातल्याच गोरव्याहून शर्वरी समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली.

शाळेत शिकवणारी, पस्तिशीची, सदा हसतमुख. तिच्या घरात साखरेला बंदी होती. खजूर वाटून त्याचे लाडू, अंजिराचे रोल, नाचणीची गुळातली बर्फी असलं काहीबाही ती करायची आणि सगळ्यांना चाखायला द्यायची. काकूंनी पहिल्या दिवशी एक लाडू खाल्ला आणि "छान आहे हं" म्हणाल्या. छान होताच, तेच तर दुखणं होतं.

घरातही तोच त्रास. हिंमतरावांना मधुमेह. पेपर द्यायच्या निमित्ताने ते समोर जायचे आणि तोंड पुसत परत यायचे.

"साखरेचा कण नाही अगं, तरी काय सरस लागतं!"

"खजूर म्हणजे काय कारलं आहे?" काकू म्हणत. छत्तीस वर्षं यांना रांधून घातलं, पण 'सरस' हा शब्द त्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता. काकूंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर शर्वरीने लाडवांचा फोटो टाकला की खाली किती अंगठे पडले ते त्या मोजायच्या, आणि आपण मोजतो आहोत याचाही त्यांना राग यायचा.

यंदा सेक्रेटरी केयूरभाई स्वतः घरी आले. चहा घेतला, घसा साफ केला.

"निरुपमाबेन, खोटुं ना लगाडता हं. पण अर्ध्या सोसायटीला डायाबिटीस आहे. आ वखते छेल्ला दिवसनो प्रसाद शर्वरीबेन करशे. खांड वगर, बिनसाखरेचा."

"अहो, त्यात काय वाईट वाटायचं!" असं म्हणून काकूंनी त्यांना आणखी दोन बिस्किटं वाढली. दार लावून आत आल्या आणि रिकामी कपबशी एवढ्या जोरात ठेवली की कपाचा कान तुटला. हिंमतरावांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. शहाणा माणूस.

शर्वरीने ठरवली गुळाची बासुंदी. चाळीस घरांची, बारा लिटर दुधाची. आदल्या संध्याकाळी ती काकूंकडे आली.

"काकू, एवढं मोठं मी कधी केलेलं नाही. सकाळी माझ्या किचनमध्ये नुसत्या उभ्या राहाल? कामाला हात लावू नका. कुठे चुकतंय असं दिसलं तर थांबवा, बास."

"येते की," काकू म्हणाल्या.

सकाळी त्या गेल्या. ओट्यावर चिरलेला पिवळाधमक गूळ परातीत ढीग करून ठेवला होता. बदाम-पिस्त्याचे काप होते, वेलदोडा कुटून ठेवला होता. मोठ्या पातेल्यातलं दूध छान आटून खळखळ उकळत होतं. शर्वरीने गुळाची परात उचलली.

काकूंना पुढचं सगळं दिसत होतं. उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटतं. आधी गॅस बंद करायचा, दूध कोमट होऊ द्यायचं आणि मग गूळ घालायचा. एवढं एक वाक्य होतं. ते त्यांच्या ओठांवर आलंही. पण त्याच वेळी डोळ्यांसमोर मांडव आला, माईकवरून शर्वरीचं नाव घेणारे केयूरभाई आले, 'सरस' म्हणणारे हिंमतराव आले. काकू मूग गिळून उभ्या राहिल्या.

गूळ पडला. दोन मिनिटांत पातेल्याच्या कडेने हिरवट पाणी सुटलं आणि दुधाच्या गुठळ्या वर आल्या. शर्वरीचा हात थांबला. तिने वळून काकूंकडे पाहिलं. काकू खिडकीबाहेर कुणाची तरी स्कूटर बघत होत्या. क्षणभराने शर्वरी पुन्हा ढवळू लागली.

"मी जरा घरी जाऊन येते गं," म्हणून काकू सटकल्या, आणि घरी पोचताच पदर खोचून कामाला लागल्या. नारळ घरात होतेच. संध्याकाळी प्रसाद नाही म्हणून सगळ्यांची धांदल उडणार, केयूरभाई डोक्याला हात लावणार, आणि आपण वड्या घेऊन मांडवात जाणार. पाक ढवळताना काकू मनात मांडे खात होत्या. इतका सुरेख पाक बऱ्याच वर्षांत जमला नव्हता.

पाच वाजता वड्यांचं ताट रुमालाखाली झाकून त्या मांडवात शिरल्या. तिथे रांग लागली होती. शर्वरी बदामी रंगाचे दाणेदार चौकोन वाटत होती, आणि हिंमतराव दुसऱ्यांदा रांगेत उभे होते.

तिने काकूंना पाहिलं आणि केयूरभाईंच्या हातातला माईक घेतला.

"खरं सांगू का, हा कलाकंद काकूंचा आहे. मी बासुंदी करत होते, दूध फाटलं. मी गॅस बंद करून सगळं ओतूनच देणार होते. पण काकू शेजारी उभ्या होत्या आणि काही बोलल्या नाहीत. चुकलं असतं तर त्यांनी थांबवलं असतं ना! म्हणून मी दोन तास ढवळत बसले, आणि हे झालं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. केयूरभाई म्हणाले, "वाह निरुपमाबेन!" काकूंनी ताट हळूच खुर्चीखाली सरकवलं. शर्वरी पहिला राखून ठेवलेला तुकडा घेऊन आली आणि तिने तो त्यांच्या हातावर ठेवला. काकूंनी तो तसाच हातात धरला.

"शर्वरी, ऐक. दूध फाटणार हे मला ठाऊक होतं."

"तेच तर सांगितलं मी सगळ्यांना!"

"तसं नाही गं. मी मुद्दाम बोलले नाही."

"माझी आई असती तर ओरडून पळी हिसकावली असती," शर्वरी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तुम्ही माझं मला शिकू दिलंत." ती वाकून त्यांच्या पाया पडली आणि पुन्हा वाटायला गेली.

काकूंनी तुकडा खाल्ला. त्यांच्या वडीपेक्षा तो सरस झाला होता. पण सकाळपर्यंत त्यांना शर्वरीच्या हाताचा हेवा वाटत होता, तो आता कुठल्या कुठे गेला. आता वाटला तो तिच्या मनाचा. पातेल्यापाशी आपण असतो, दूध फाटलं असतं आणि शेजारी ती गप्प उभी असती, तर आपल्या मनात पहिला विचार कोणता आला असता हे निरुपमाकाकूंना पक्कं ठाऊक होतं.