टॉवेलात गुंडाळलेला कंद

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला तर नाहीच — कारण नाना तिचे वडील.

आम्ही रावेरचे केळीवाले. चांगली बाग दिसली की आमचा हात शिवशिवतो. बागवाल्याकडे कंद मागायचा. नाही दिला तर गुपचूप उपटायचा. चोरून आणलेलं रोप चांगलं जगतं म्हणतात ना — आमच्याकडे त्याला कुणी चोरी म्हणतच नाही.

पण चीनमध्ये? तिथं कोण म्हणणार होतं, जाऊ द्या, पाव्हणे आहेत?

केळीवाल्यांची सहल होती, पॅकिंगची यंत्रं बघायला. नाना अमळनेरचे, कापूसवाले. त्यांना फक्त विमानात बसायची हौस. एका बागेत मी कंद उपटला, ओल्या टॉवेलात गुंडाळला. माझी बॅग गच्च भरलेली. म्हणून — म्हणूनच का? — नानांना न विचारता त्यांच्या पिशवीत कोंबला. संध्याकाळी ग्वांगझूच्या गाडीत बसलो. रात्रभराचा प्रवास. नाना खालच्या बर्थवर, मी त्यांच्या वर. दुभाषा दुसऱ्या डब्यात.

उजाडता उजाडता जाग आली ती बायकांच्या आरडाओरड्यानं. नानांच्या बर्थखालून चिखलाचं पाणी वाहत होतं. डब्याची देखरेख करणाऱ्या रेल्वेच्या बाईनं पिशवी ओढली, मागोमाग पोलीस आला. त्यानं टॉवेल उलगडला.

टॉवेल माझा होता. नानांनीच लग्नात मला टॉवेल-टोपी केली होती, त्यातला. नानांनी तो ओळखला. मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

आणि मी डोळे मिटले.

देवा रे, काय भ्यालो होतो मी! परका मुलूख, परका तुरुंग, आपली बोली कुणाला कळत नाही. पोलीस ओरडत होता. माझ्या मोबाइलमध्ये भाषांतराची सोय होती. नानांच्या शुगरच्या गोळ्याही माझ्याच खिशात होत्या. नुसतं उठून बसायचं होतं. नाही बसलो.

"मना शे," नाना म्हणाले. माझा आहे. पोलिसाला काय कळणार होतं ते? पण मला कळलं.

पुढच्या स्टेशनावर त्यांना उतरवलं. गाडी सुटल्यावर मी दुभाष्याकडे धावलो, आत्ताच जाग आली म्हणालो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो नानांना सोडवून ग्वांगझूला घेऊन आला. ओठ सुकलेले. आधी त्यांनी गोळी मागितली. मी पाणी दिलं.

आता अमळनेरात पोरंटोरं त्यांना 'चायनाचा चोर' म्हणतात. बायको त्यांच्यावर चिडते, "नाना, या वयात कुठली अवदसा आठवली तुम्हाला?" ते हसतात. कुणी माझ्याबद्दल विचारलंच तर म्हणतात, "जवाई झोपेल व्हतात."

मी झोपलेलो नव्हतो. त्यांनाही ते ठाऊक आहे. कारण पोलिसानं दंड धरला तेव्हा माझा पाय पांघरुणाबाहेर आला होता, लटलट कापत होता. नानांनी मोकळ्या हातानं त्यावर पांघरूण ओढलं, आणि गेले.

मी पाय आत घेतला.