विहिणीच्या गाण्यांना कुलूप

नातवाच्या हळदीला, दिग्रसला, डीजेवाल्याच्या हातात मी चुकून माझाच पेनड्राइव्ह दिला. त्यात विहिणीची गाणी होती, माझ्या आवाजात, मोबाइलवर भरलेली. भर मांडवात भोंग्यातून मीच कडाडले, "विहीण जेवली ताटभर गं, पाट नेला पाठीवर गं!" नवी विहीणबाई तेव्हा नेमकी पाटावर बसलेली.

घरी आल्याबरोबर मुलगा तणतणला, "आई, डिलीट कर ते सगळं. लोकं काय म्हणून राह्यले, माहीत आहे तुले?"

"हसून राह्यले लोकं."

"लग्न आटोपलं की मीच पुसतो मग."

सासूची आणि तिच्या सासूची गाणी ती. मी गेल्यावर गाणार कोण? मी नातीला, नवरदेवाच्या बहिणीला, बाजूला ओढलं. "याले कुलूप लाव. पण तुझ्या पुण्याच्या कॉम्प्युटरवर उघडलं पाहिजे."

तिचा मॅक, माझा लॅपटॉप विंडोजचा. विंडोजचं स्वतःचं कुलूप तिच्याकडे उघडत नाही म्हणे. तिने गाणी आधी बाजूला काढली, पेनड्राइव्ह दोन्हीकडे चालेल असा फॉरमॅट केला, दोन्ही कॉम्प्युटरवर एकच फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं, पेनड्राइव्हवर कुलूपबंद फाइल केली, गाणी तिच्यात भरली आणि बाहेरची पुसली. तसाच दुसरा पेनड्राइव्ह स्वतःसाठी केला.

"पासवर्ड लांब घे. विसरलीस तर मलाही उघडणार नाही."

मी लगेच पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पेनड्राइव्हलाच चिकटवला. नात कपाळाला हात लावून हसत सुटली. हसू दे. माहेरच्या पेटीला कुलूप लावून, किल्ली हरवू नये म्हणून तिच्याच कडीला बांधणारी नवरी मीच ना! सासू रोज पेटीतली खारीक काढायची आणि किल्ली पुन्हा नीट बांधून ठेवायची. मी बावळट वर्षभर उंदरांना शिव्या घालत होते.

चिठ्ठी फाडून चुलीत टाकली. पासवर्डला गाण्याचीच एक ओळ घेतली.

लग्न झालं, नात पुण्याला गेली. दुसऱ्या दिवशी मुलगा लॅपटॉपसमोर घाम पुसत बसलेला. फॉरमॅट मारायची धमकी देऊन झाली. "मार. पुण्यात दुसरा आहे," मी म्हटलं.

"पासवर्ड तर सांग."

"गाण्यातली ओळ आहे. ऐकलं असतंस तर आली असती."

आता जेवण झालं की तो लॅपटॉप उघडतो. आठवून आठवून गुणगुणतो, टाइप करतो, चुकतो, पुन्हा गुणगुणतो. काल पाटाचं कडवं अख्खं म्हटलं त्याने. चाल चुकली, तेवढी मी आतून ओरडून दुरुस्त केली. पासवर्ड नाही सांगितला.