दुखत नाही म्हणून

माझी साखर मधुमेहाच्या सीमेवर आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं होतं. परवा दवाखान्यात समोरच्या बाकावर एक आजी-आजोबा बसले होते. आजींना बऱ्याच वर्षांचा मधुमेह. मागे नव्या चपलेने करंगळीला फोड आला, पाय बधिर झाल्यामुळे तो त्यांना कळलाच नाही. आत पू झाला आणि शेवटी ते बोट काढावं लागलं. हे सगळं त्यांनीच मला सहज सांगितलं.

तेवढ्यात आजोबा फरशीवर बसले. आजींचा मोजा काढून, पाऊल मांडीवर घेऊन तळव्यावरून सावकाश बोट फिरवू लागले.

“अहो, माझ्या पायाला हात काय लावताय? लोक बघतायत.”

“बघू देत. तुला वाकता येत नाही. मग पाहायचं कोणी?”

टाचेजवळ बारीक भेग होती. त्यांनी तिथे हलकेच दाबलं. “दुखतंय?”

“नाही हो.”

एरवी हे ऐकून माणसाला हायसं वाटतं. आजोबांचा चेहरा मात्र उतरला. दुखणं ही शरीराने घातलेली हाक असते. ती ऐकू येईनाशी झाली की दुसऱ्या कुणाला तरी सावध राहावं लागतं.

नर्सने वाकून भेग पाहिली. “आजच दाखवलंत ते बरं केलंत, आजोबा. चिघळलेली नाही. भरून येईल.”

आजोबांनी भेगेला धक्का न लावता मोजा परत चढवला. आजींनी त्यांच्या विरळ केसांवरून हात फिरवला.

“उठा आता,” त्या म्हणाल्या, “गुडघे दुखतील तुमचे.”