मीटरचे दिवे

गाडीच्या मीटरमधले आकडे अंधुक दिसू लागले, तेव्हा मी दोष दिला बल्बना. गाडी जुनी होती. गिरणीत राबलेल्या माझ्या वडिलांना कधी सायकलसुद्धा घेता आली नव्हती, म्हणून की काय, ती गाडी मी जिवापाड सांभाळायचो. बारीकसारीक कामं स्वतःच करायचो. गिरगावातल्या एका दुकानातून नवे बल्ब आणले आणि एका रविवारी दुपारी डिलाईल रोडच्या आमच्या चाळीच्या आवारात काम काढलं.

"मेकॅनिककडे द्या ना," बायको म्हणाली.

"दोन-चार स्क्रूचं तर काम. तू फक्त टॉर्च धर."

बॅटरीची वायर सोडवली. स्टिअरिंग खाली घेतलं, मीटरभोवतीची प्लॅस्टिकची चौकट ओढून काढली. एक क्लिप तुटली. आतले स्क्रू मात्र सापडेनात. मी बोटांनी चाचपत होतो.

"अहो, तो काय समोर!"

"टॉर्च नीट धर."

"नीटच धरलाय."

शेवटी तिने माझं बोट धरून स्क्रूवर टेकवलं. तरी मी टॉर्चच्या सेललाच नावं ठेवली.

मीटर बाहेर ओढला, मागचा प्लग काढला. जुने बल्ब एकेक पिळून काढले, नवे बसवले. सगळं परत जागेवर जाईतो दिवेलागण झाली. बॅटरी जोडून किल्ली फिरवली. मीटर होता तसाच, धुरकट. साठ कुठे, शंभर कुठे, कळेना.

"बोगस बल्ब दिले साल्याने!"

बायको शेजारच्या सीटवरून वाकून बघत होती. "बोगस कसले? केवढं लख्ख झालंय! मला इथून किलोमीटर वाचता येतायत." तिने आकडा वाचूनही दाखवला. वाचता वाचता थांबली. मग हळूच म्हणाली, "तुम्हाला नाही दिसत?"

मी पुन्हा मीटरवर वाकलो. तिनेच हात लांबवून किल्ली बंद केली.

परळच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांची नस बरीच सुकलेली. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची, बस.

"आणि गाडी?" मी विचारलं.

"अजिबात नाही. आजवर कुणी तुमच्या गाडीखाली आलं नाही, हे नशीब समजा."

त्याच वर्षी गणपतीला बायको-मुलीला घेऊन मी घाटातून गावी गेलो होतो. अंधारात. दोघी मागे निर्धास्त झोपल्या होत्या.

मेहुणा गाडी न्यायला आला, तेव्हा मी खाली उतरलो नाही. बायकोच गेली. आता ती सकाळ-संध्याकाळ माझ्या डोळ्यांत थेंब घालते. मी आढ्याकडे तोंड करून पडून राहतो. वर पंखा आहे. तो चालू आहे की बंद, हे मला अंगाला लागणाऱ्या वाऱ्यावरून कळतं.